कॉलेज बास्केटबॉलची भरती: कोणती कॉन्फरन्स खरोखर पुढे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत शिकणारे विद्यार्थी, तिथे मुलं वाढवणारे आईबाप आणि भारतात पहाटे उठून मार्च मॅडनेस (कॉलेज संघांची राष्ट्रीय स्पर्धा) पाहणारे चाहते यांच्याकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. प्रश्न त्यांच्याच भाषेत ठेवले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल, तिथे क्रमांक दिला आहे. मुलींच्या खेळाचे नियम वेगळे असल्यामुळे त्यांच्याबद्दल शेवटच्या प्रश्नात लिहिलं आहे. बाकी सगळं पुरुषांच्या स्पर्धेबद्दल आहे.

१. कॉन्फरन्स म्हणजे काय, आणि भरती तर कॉलेज करतं ना?

बरोबर, भरती, म्हणजे नवे खेळाडू आपल्या संघात घेणं, हे काम कॉलेजच करतं. एनसीएए, म्हणजे कॉलेजांच्या खेळांची राष्ट्रीय संघटना, हिच्या डिव्हिजन वन या सर्वांत वरच्या गटात साडेतीनशेहून जास्त संघ आहेत आणि ते तीसएक कॉन्फरन्समध्ये विभागलेले आहेत. हंगामातले बरेचसे सामने आपल्याच कॉन्फरन्समधल्या संघांशी होतात. प्रत्येक कॉन्फरन्सच्या विजेत्याला ६८ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट जागा मिळते, उरलेल्या जागा निवड समिती भरते. खेळाडू आणि त्याचे घरचे कॉलेज निवडतात तेव्हा कॉन्फरन्सही निवडत असतात: सामने टीव्हीवर कुठे दिसणार, समोर कोण असणार, पैसा किती येणार. म्हणून ही तुलना करण्यात अर्थ आहे.

पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये मोठ्या पाच म्हणजे एसीसी, एसईसी, बिग टेन, बिग ट्वेल्व्ह आणि बिग ईस्ट. बाकीच्यांना ढोबळपणे मिड-मेजर म्हणतात.

२. खेळाडूंना स्टार कोण देतं? ते सरकारी असतात का?

नाही. एनसीएए कुणालाही स्टार, म्हणजे गुणवत्तेची श्रेणी, देत नाही. २४७स्पोर्ट्स, ईएसपीएन, रायव्हल्स अशा खासगी सेवा हे काम करतात. त्यांचे जाणकार हायस्कूलचे सामने पाहतात आणि त्याहून जास्त लक्ष उन्हाळ्यात बूट कंपन्यांच्या आश्रयाने भरणाऱ्या क्लब स्पर्धांवर ठेवतात. फाइव्ह-स्टार हा मान एका वर्षी साधारण वीस ते तीस मुलांच्याच वाट्याला येतो. वेगवेगळ्या याद्यांची सरासरी काढून केलेली एकत्रित यादीही असते आणि तुलनेसाठी तीच वापरावी, कारण एखाद्या जाणकाराचा लहरी अंदाज तिच्यात बराचसा विरून जातो.

एक दोष मात्र एकत्रित यादीतही उरतो. एखाद्या मुलाच्या मागे ड्यूक किंवा कॅन्सससारखं नामांकित कॉलेज लागलंय हे कळलं की जाणकार त्याच्याकडे नव्याने बघतात आणि अनेकदा त्याचं मानांकन वाढतं. म्हणजे मोठ्या कॉलेजांची भरती यादीत चांगली दिसते, त्याचं थोडं श्रेय त्या कॉलेजांच्या नावालाच जातं.

३. 'या क्लासला इतके गुण' असं छापून येतं, ते गुण कसे काढतात?

एका वर्षी एका कॉलेजात येणाऱ्या नव्या मुलांच्या गटाला क्लास म्हणतात. गुणांची सूत्रं सेवेप्रमाणे बदलतात. २४७स्पोर्ट्सच्या सूत्रात सर्वांत चांगल्या खेळाडूला पूर्ण वजन मिळतं आणि पुढच्या प्रत्येकाला उतरत्या क्रमाने कमी. तरीही संख्येचा फायदा राहतोच. एका वर्षी सहा मुलं घेणारं कॉलेज दोनच मुलं घेणाऱ्याच्या वर दिसू शकतं, भले त्या दोघांचा दर्जा जास्त असो. संघातल्या जुन्या मुलांनी जागा सोडल्या नसतील तर कॉलेज नवी मुलं घेणार तरी कुठे? म्हणून एका वर्षाच्या गुणांवरून कुणालाही नापास करू नका. चार वर्षांची सरासरी बरंच खरं बोलते.

४. मग कॉन्फरन्सची तुलना नेमकी कशी करायची? सगळ्यांचे गुण मिळवायचे का?

बेरीज करू नका, ही माझी आग्रहाची विनंती. २०२४ च्या फेरबदलानंतर बिग टेन आणि एसीसीमध्ये प्रत्येकी १८ कॉलेजं आहेत, एसईसी आणि बिग ट्वेल्व्हमध्ये १६, आणि बिग ईस्टमध्ये ११. नुसत्या बेरजेत बिग ईस्ट कायम शेवटी येणार, आणि त्याचं कारण खेळाडूंच्या दर्जात नसून कॉलेजांच्या संख्येत असेल.

सरासरी काढली तर हा प्रश्न सुटतो, पण दुसरा उभा राहतो. बास्केटबॉलमध्ये गुणवत्ता फार थोड्या हातांत एकवटलेली आहे. वर्षातले पहिल्या दहातले तीन खेळाडू एकाच कॉलेजात गेले, तर त्या एका कॉलेजामुळे अख्ख्या कॉन्फरन्सची सरासरी फुगते.

मी स्वतः मधलं कॉलेज बघतो. कॉन्फरन्समधली सगळी कॉलेजं भरतीच्या क्रमाने लावायची आणि बरोबर मध्ये कोण येतं ते पाहायचं. १८ असतील तर नववं आणि दहावं. त्या मधल्या कॉलेजाचा देशात कितवा क्रमांक लागतो, यावरून कॉन्फरन्सची खोली कळते. जानेवारीतल्या एखाद्या मंगळवारी परगावी जाऊन खेळताना संघाला ज्या प्रतिस्पर्ध्याशी झुंजावं लागतं, तो बहुतेक वेळा हाच मधला संघ असतो. यासोबत दोन आकडे लिहून ठेवा: देशातल्या पहिल्या २५ खेळाडूंपैकी किती या कॉन्फरन्समध्ये आले, आणि ते किती वेगवेगळ्या कॉलेजांत विभागले गेले. पहिला आकडा सगळेच छापतात. दुसरा क्वचितच दिसतो, आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो.

५. ड्यूक आणि केंटकी दरवर्षी याद्यांमध्ये वर असतात. मग एसीसी आणि एसईसी सारख्याच ताकदीच्या नाहीत का?

२०२४-२५ चा हंगाम याचं इतकं स्वच्छ उत्तर देतो की तो अभ्यासक्रमात ठेवावा. त्या वर्षी देशातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू कूपर फ्लॅग एसीसीत, ड्यूककडे आला. ड्यूकचा क्लास देशात अव्वल ठरला. फ्लॅग वर्षातला सर्वोत्तम खेळाडू झाला आणि २०२५ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक लीगचे संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात तिथे) पहिला निवडला गेला. ड्यूक अंतिम चारमध्ये पोहोचलं आणि तिथे ह्यूस्टनकडून ७०-६७ असं हरलं.

त्याच वर्षी एसीसीच्या १८ पैकी फक्त चार संघांना राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळाली: ड्यूक, क्लेमसन, लुईव्हिल आणि नॉर्थ कॅरोलिना. शेवटच्या सोळात पोहोचलं एकटं ड्यूक. एसईसीच्या १६ पैकी १४ संघ स्पर्धेत होते आणि हा विक्रम आहे. त्याआधीचा विक्रम बिग ईस्टचा होता, २०११ मध्ये १६ पैकी ११. एसईसीचे सात संघ शेवटच्या सोळात गेले आणि विजेतेपद फ्लोरिडाने ह्यूस्टनला ६५-६३ असं हरवून घेतलं.

एका कॉलेजाने शिखर गाठलं म्हणून कॉन्फरन्स उंच होत नाही. प्रश्न ४ मधला मधल्या कॉलेजाचा निकष इथे वापरून पाहा, चित्र लगेच पालटतं.

६. सर्वांत चांगली भरती करणाऱ्यालाच विजेतेपद मिळतं का?

कधीकधी. २०१२ चं केंटकी अँथनी डेव्हिससारख्या पहिल्या वर्षाच्या खेळाडूंच्या जोरावर जिंकलं, २०१५ चं ड्यूक जालील ओकाफोर, जस्टिस विन्स्लो आणि टायस जोन्स यांच्या. या दोन वर्षांमुळे 'फाइव्ह-स्टार गोळा करा आणि करंडक उचला' हा समज पक्का झाला.

उलट उदाहरणं बरीच आहेत. २०१८ मध्ये आरजे बॅरेट, झायन विल्यम्सन आणि कॅम रेडिश हे तिघेही ड्यूकला आले. एका क्लासमध्ये इतकी गुणवत्ता क्वचितच दिसली असेल. तो संघ शेवटच्या आठात मिशिगन स्टेटकडून एका गुणाने हरला, ६८-६७. २०१५ चं केंटकी ३८ सामने सलग जिंकून अंतिम चारमध्ये आलं आणि विस्कॉन्सिनने त्यांना ७१-६४ असं थांबवलं. विस्कॉन्सिनचा मुख्य खेळाडू फ्रँक कमिन्स्की चौथ्या वर्षाला होता, आणि हायस्कूलमध्ये असताना मोठ्या याद्यांत त्याला फारसं कुणी विचारलं नव्हतं. २०२२ मध्ये तर केंटकी पहिल्याच फेरीत सेंट पीटर्सकडून हरलं. जर्सी सिटीतल्या त्या छोट्या कॉलेजाने पुढे शेवटच्या आठापर्यंत मजल मारली.

२००१ ते २०२५ या काळातली विजेतेपदं त्या-त्या वेळच्या कॉन्फरन्सप्रमाणे मोजली (२०२० मध्ये स्पर्धा झाली नाही), तर एसीसी आणि बिग ईस्टकडे प्रत्येकी आठ येतात, एसईसीकडे चार, बिग ट्वेल्व्हकडे तीन आणि अमेरिकन कॉन्फरन्सकडे एक. बिग ईस्टच्या आठात लुईव्हिलचं २०१३ चं विजेतेपद धरलं आहे, जे एनसीएएने नंतर रद्द केलं. बिग टेनच्या खात्यात या काळात एकही नाही. तिचं आधीचं विजेतेपद २००० मधलं, मिशिगन स्टेटचं. दरवर्षी दमदार भरती आणि स्पर्धेत भरपूर संघ असूनही असं झालं. एका सामन्यात बाद होण्याची स्पर्धा आहे, त्यात नशिबाचा वाटा मोठा. म्हणून भरतीचं यश मोजताना मी विजेतेपदापेक्षा 'किती संघ शेवटच्या सोळात' हा निकष आधी धरतो.

७. एक वर्ष खेळून निघून जाणाऱ्यांना कॉन्फरन्सच्या यशात धरायचं का?

धरा, पण एकाच वर्षापुरतं. २००५ च्या एनबीए करारानुसार ड्राफ्टसाठी वय १९ आणि अमेरिकी खेळाडूंसाठी हायस्कूलनंतर एक वर्ष अशी अट आली, आणि २००६ च्या ड्राफ्टपासून ती लागू झाली. त्याआधी केव्हिन गार्नेट, कोबी ब्रायंट, लेब्रॉन जेम्स हायस्कूलमधून थेट गेले होते. अट आल्यावर अशी बहुतेक मुलं एक हंगाम कॉलेजला मिळू लागली.

एकट्या मुलाने संघ उभा राहत नाही, याचे दाखले वाचताना वाईट वाटतं. एलएसयूचा (लुईझियाना स्टेट विद्यापीठाचा) बेन सिमन्स २०१६ मध्ये ड्राफ्टमध्ये पहिला आला, पण त्याचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत पोहोचला नाही. वॉशिंग्टनचा मार्केल फुल्ट्झ पुढच्या वर्षी पहिला आला, संघ ९ सामने जिंकला आणि २२ हरला. २०२४ मध्ये बिग टेनच्या रटगर्सने एस बेली आणि डिलन हार्पर हे पहिल्या पाचातले दोघं मिळवले. संघ १५ विजय आणि १७ पराभवांवर थांबला. ड्राफ्टमध्ये हार्पर दुसरा आणि बेली पाचवा गेला. भरतीच्या यादीत हे बिग टेनचं मोठं यश आहे, मैदानावर मात्र नाही. दोन्ही खाती वेगळी लिहा.

८. ट्रान्सफर पोर्टलमुळे हायस्कूलच्या याद्या निरुपयोगी झाल्या का?

निरुपयोगी नाहीत, अपुऱ्या झाल्या. २०१८ मध्ये पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, सुरू झालं, २०२१ पासून एकदा कॉलेज बदलून लगेच खेळायची मुभा मिळाली, आणि २०२४ पासून अभ्यासाच्या अटी पूर्ण करणाऱ्याला कितीही वेळा बदलता येतं. त्यामुळे आता दोन भरत्या होतात: एक हायस्कूलमधून, दुसरी इतर कॉलेजांतून.

२०२५ च्या विजेत्या फ्लोरिडाची सुरुवातीची पाच नावं बघा. वॉल्टर क्लेटन ज्युनियर आयोनाहून आला होता, अलायजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकहून, विल रिचर्ड बेलमाँटहून, रूबेन चिन्येलू वॉशिंग्टन स्टेटहून. पाचवा अ‍ॅलेक्स कॉन्डन ऑस्ट्रेलियाचा. हायस्कूलमधल्या निवडक मुलांचा मॅकडॉनल्ड्स ऑल-अमेरिकन सामना असतो. या पाचांपैकी एकही त्यात खेळलेला नव्हता. त्याच वर्षी अंतिम चारमध्ये आलेल्या ऑबर्नचा आधारस्तंभ जोनाय ब्रूम हा मोरहेड स्टेटचा. एसईसीची ती विक्रमी मजल हायस्कूलच्या याद्यांवरून कुणालाही पूर्ण समजली नसती.

यात एक नैतिक हिशेबही आहे, आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. क्लेटनला हेरलं कुणी, पहिली संधी दिली कुणी? आयोनाने, म्हणजे मेट्रो अटलांटिक कॉन्फरन्समधल्या कॉलेजाने. भरतीची पारख त्यांची, करंडक एसईसीचा. तुलना करताना 'हायस्कूलमधून शोधलेले' आणि 'दुसऱ्याकडून आणलेले' असे दोन स्तंभ ठेवले, तर छोट्या कॉन्फरन्सचं काम झाकलं जाणार नाही.

९. आता खेळाडूंना पैसे मिळतात. मग श्रीमंत कॉन्फरन्सच जिंकणार ना?

१ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर कमाई करता येते. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर सहभागी कॉलेजं थेट पैसेही देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा होती एका कॉलेजाला सर्व खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर.

'सर्व खेळ मिळून' हे शब्द नीट वाचा. एसईसी आणि बिग टेनमध्ये या रकमेचा सर्वांत मोठा घास अमेरिकन फुटबॉल घेतं. बिग ईस्टमध्ये मोठ्या स्तरावरचं फुटबॉल एकटं युकॉन (कनेक्टिकट विद्यापीठ) खेळतं. मार्केट (Marquette), सेंट जॉन्स, क्रेटन या कॉलेजांकडे फुटबॉलचा संघच नाही. त्यांचं एकूण उत्पन्न कमी असेल, पण जे आहे ते बास्केटबॉलवर ओतता येतं. म्हणून श्रीमंतीचा क्रम आणि भरतीचा क्रम हुबेहूब जुळत नाही.

एजे डिबांत्सा या २०२५ च्या क्लासमधल्या अव्वल खेळाडूने बिग ट्वेल्व्हमधलं ब्रिगहॅम यंग विद्यापीठ निवडलं. दहा वर्षांपूर्वी असं कुणी म्हटलं असतं तर लोकांनी विश्वास ठेवला नसता.

१०. मिड-मेजर कॉन्फरन्सना चांगले खेळाडू मिळतच नाहीत का?

मिळतात, फक्त आधी ओळखले गेलेले क्वचित मिळतात. स्टीफन करी सदर्न कॉन्फरन्समधल्या डेव्हिडसनला गेला, कारण वडील जिथे खेळले त्या व्हर्जिनिया टेकनेही त्याला शिष्यवृत्ती देऊ केली नव्हती. डेमियन लिलार्ड बिग स्कायमधल्या वेबर स्टेटचा, जा मोरँट ओहायो व्हॅलीमधल्या मरे स्टेटचा. ड्राफ्टमध्ये हे तिघं अनुक्रमे सातवे, सहावे आणि दुसरे आले. आज यांच्यापैकी कुणी दुसऱ्या वर्षानंतर त्याच कॉलेजात राहिला असता का, याची मला शंका आहे (प्रश्न ८ पाहा).

अपवाद दोन. गॉन्झागा वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये असताना जेलन सग्ज आणि चेट होमग्रेनसारखे फाइव्ह-स्टार तिथे आले. मेम्फिसने २०१९ मध्ये जेम्स वाइजमनसह देशातला अव्वल क्लास जमवला, पण वाइजमन तीनच सामने खेळला. अशा एका बलाढ्य कॉलेजामुळे कॉन्फरन्सची सरासरी बिघडते, म्हणून तिथे प्रश्न ४ चा निकष आणखीच गरजेचा.

आयव्ही लीगला या तुलनेत घेऊच नका. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि त्यांची भावंडं खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत.

११. कॉलेजाने कॉन्फरन्स बदलली तर जुनी भरती कुणाच्या खात्यात?

माझा नियम: खेळाडू प्रत्यक्ष खेळला तेव्हा कॉलेज जिथे होतं, तिथे. युकॉन २०११ मध्ये बिग ईस्टमध्ये जिंकलं, २०१४ मध्ये अमेरिकन कॉन्फरन्समध्ये, २०२० ला बिग ईस्टमध्ये परतलं आणि २०२३, २०२४ मध्ये पुन्हा जिंकलं. 'आजची कॉन्फरन्स' धरून इतिहास मोजला तर मेरीलँडचं २००२ चं विजेतेपद बिग टेनला द्यावं लागेल, आणि तेव्हा ते एसीसीत होतं. केव्हिन ड्युरँट टेक्ससला आला तेव्हा टेक्सस बिग ट्वेल्व्हमध्ये होतं. आजच्या एसईसीशी त्याचा संबंध नाही.

पॅक-ट्वेल्व्हच्या बाबतीत काळजी घ्या. २०२४ मध्ये दहा कॉलेजं बाहेर पडली आणि दोनच उरली. २०२४ च्या आधीची पॅक-ट्वेल्व्ह आणि नंतर नव्या सदस्यांनिशी उभी राहिलेली पॅक-ट्वेल्व्ह यांची एकच रेषा काढू नये.

१२. मुलगा कॉलेजला शब्द देतो, मग फिरवतो. कधीची यादी खरी मानायची?

शरद ऋतूतल्या प्रत्यक्ष प्रवेशाची. त्याआधीचं सगळं तात्पुरतं. २०२४ च्या वसंतात प्रशिक्षक जॉन कॅलिपारी केंटकी सोडून आर्कान्सासला गेले आणि केंटकीला शब्द दिलेली काही मुलं त्यांच्या मागोमाग गेली. दोन्ही कॉलेजं एसईसीतली, त्यामुळे कॉलेजांचे क्रम हलले तरी या मुलांपुरता कॉन्फरन्सचा आकडा होता तिथेच राहिला.

फ्लॅगसारखी काही मुलं हायस्कूल एक वर्ष लवकर संपवतात. त्याचं नाव आधी २०२५ च्या यादीत होतं, नंतर २०२४ च्या. जुनी छापील यादी आणि नवी यादी एकत्र केली तर असा मुलगा दोनदा मोजला जातो.

१३. परदेशी खेळाडू या याद्यांत कुठे बसतात? भारतातून कुणी गेलंय का?

नीट बसत नाहीत. युरोपात व्यावसायिक क्लबांत वाढलेला मुलगा अमेरिकी जाणकारांनी फार थोडा पाहिलेला असतो. २०२४ मध्ये कास्पारस याकुचोनिस इलिनॉयला आणि येगोर ड्योमिन ब्रिगहॅम यंगला आले आणि दोघंही वर्षभरात पहिल्या फेरीत निवडले गेले. अशी मुलं घेणाऱ्या कॉन्फरन्सची भरती कागदावर असते त्याहून चांगली असू शकते. विद्यार्थी व्हिसावर असताना जाहिरातींतून कमाई करणं मात्र त्यांना अवघड जातं.

पंजाबचा सतनामसिंग २०१५ मध्ये डॅलसने ५२ वा निवडला, पण तो फ्लोरिडातल्या अकादमीतून थेट गेला, कॉलेजमार्गे नाही. एनबीएच्या भारतातल्या अकादमीतून अमान संधू मनमथ विद्यापीठात डिव्हिजन वन खेळायला गेला. दोघंही कुठल्याही कॉन्फरन्सच्या गणितात मोठी भर घालणारे नव्हते, पण वाट आहे हे त्यांच्यामुळे दिसलं.

१४. मुलींच्या बास्केटबॉललाही हेच निकष लावायचे का?

याद्या आणि सरासरी तशाच, पण प्रश्न ७ जवळजवळ गळून पडतो. डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या नियमांमुळे अमेरिकी मुली साधारण चार वर्षं कॉलेजात राहतात, त्यामुळे चांगल्या क्लासचं फळ सावकाश पण भरघोस येतं. एसईसीतल्या साउथ कॅरोलिनाचा २०१९ चा क्लास देशात पहिला होता: अलिया बॉस्टन, झिया कुक, ब्रिया बील, लेटिशिया अमिहेअर. त्यांनी २०२१, २०२२ आणि २०२३ असं सलग तीनदा अंतिम चार गाठलं आणि २०२२ मध्ये विजेतेपद घेतलं. मुलांच्या स्पर्धेत एवढा मोठा क्लास आता चार वर्षं एकत्र राहणं जवळजवळ अशक्य आहे.

म्हणून मुलींसाठी एका वर्षाऐवजी चार क्लास एकत्र मोजा. आणि घराजवळच राहणाऱ्या मुलींचा विचार करा. केटलिन क्लार्क आयोवाची, देशातल्या पहिल्या पाचात गणली गेलेली. ती बिग टेनमधल्या आयोवा विद्यापीठातच राहिली आणि तिने संघाला २०२३ व २०२४ अशा दोन्ही वर्षी अंतिम सामन्यात नेलं. त्या यादीत तिच्या वर असलेली पेज ब्युकर्स युकॉनला गेली. दुखापतींमधून सावरत तिने २०२५ मध्ये साउथ कॅरोलिनाला ८२-५९ असं हरवून विजेतेपद मिळवलं, म्हणजे कॉलेजात पाऊल ठेवल्यापासून पाचव्या हंगामात.